वकीलसाहेबांचा बव्हेरिया

जेवणाबद्दल इतक्या गांभीर्यानं बोलणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. भास्करराव अमडापूरकर हे बुलढाण्याच्या दिवाणी कोर्टातले नावाजलेले वकील, पण पक्षकार समोर बसला की दाव्याचं नाव काढण्याआधी ते विचारायचे, आज काय जेवून निघालास? तो म्हणायचा, भाकर अन् झुणका. मग झुणका कोरडा होता की पातळ, कांदा चिरलेला की बुक्कीनं फोडलेला, भाकर कोणत्या पिठाची, सगळं निघायचं. एवढं झाल्यावर खुर्चीत रेलून म्हणायचे, "आता माणूस कळला. आता दावा सांग." वकिलांच्या खोलीत याची नक्कल व्हायची. मी त्याच कोर्टात कारकून होतो. खेड्यातून आलेला माणूस या चौकशीनं घाबरायचा थांबतो, हे मला रोज दिसत होतं. तरी नकलेला मीही हसत होतो. चारचौघांत सगळे हसले की हसायचं, हा माझा स्वभाव. पुढं जे घडलं त्याचं मूळ या स्वभावातच आहे.

उंच, खांद्यात थोडे वाकलेले, गळ्यापर्यंत बंद केलेला काळा कोट, एका खिशात भाजलेले शेंगदाणे आणि दुसऱ्यात टरफलं. बायको लवकर गेली होती, मूल नव्हतं. घरात एक सोवळ्यातल्या आत्याबाई, ज्यांनी त्यांना लहानाचं मोठं केलं. साक्षीदाराला, शेजाऱ्याला, आत्याबाईंनासुद्धा त्यांचा एकच प्रश्न असायचा: "ऐकीव, की पाहिलेलं?" एकदा खुद्द जज्जसाहेब चहा घेताना म्हणाले की मलकापूरकडे फार पाऊस झालाय. वकीलसाहेबांनी सवयीनं त्यांनाही तेच विचारलं. जज्जसाहेब म्हणाले, ऐकीव. "मग छत्री कोरडीच राहू द्या," हे म्हणाले.

हिवाळ्यात अमडापूरच्या त्यांच्या शेतात रोडग्यांचा बेत असे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वरणाबरोबर खायचे. कोर्टातले आम्ही सगळे बैलगाड्यांतून जायचो. एका वर्षी कुणीतरी हातातला रोडगा न फोडताच वाहवा केली. वकीलसाहेबांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला, फोडला, आणि आतला कच्चा पांढरा भाग सगळ्यांना दाखवत पंगतीभर फिरले. त्या बिचाऱ्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हे असं करताना त्यांना समोरच्याचा अपमान होतो हे कळत नसे. त्यांच्या लेखी प्रश्न फक्त रोडग्याचा असे.

असा माणूस एका उन्हाळ्यात बव्हेरियाला गेला.

कारण साधं होतं. त्यांचा चुलत पुतण्या जर्मनीत, बव्हेरियातल्या म्युनिकला यंत्रविद्या शिकत होता. त्यानं बोलावलं. दिवाणी कोर्टं उन्हाळ्यात बंद असतात, त्या सुट्टीत वकील मंडळी पचमढीला नाही तर नाशिकला जात. हे म्हणाले, जरा पुढं जाऊन येतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि आमच्या गावाला नागपूर म्हणजेच परदेश. त्यामुळे गाव हबकलं. आत्याबाईंनी अन्नच सोडलं.

"काऊन जातं रे तिकडं? तिथं तुह्यं कोण बसलं आहे?"

"पुतण्या आहे ना, आत्या."

"तो येईलच की शिकून. तू काय त्याले आणाले चालला? खाशील काय तिथं?"

शेवटच्या प्रश्नावर वकीलसाहेब गंभीर झाले. तोच त्यांचाही प्रश्न होता. मग मेतकूट, भाजणी, लोणच्याच्या बरण्या, तुपाचा डबा अशी एक पेटी तयार झाली. मलकापूरच्या स्टेशनावर आम्ही दहाबारा जण पोचवायला गेलो होतो. हमाल पेटी उचलताना म्हणाला, "साहेब, यात दगडं हायेत काय?" वकीलसाहेब म्हणाले, "आत्या आहे."

परत आले ते पावसाळा सुरू झाल्यावर. पेटी अर्धीच रिकामी होती. आत्याबाईंनी त्यांना विहिरीवर आंघोळ घातली, ट्रंक पडवीत ठेवायला लावली, भटजींकडून काय ते करून घेतलं, आणि मग आपल्या हातानं वाढलं. यांनी सगळं निमूट केलं. "अपील करायची सोय नसलेलं कोर्ट आहे ते," म्हणाले.

मग सुरू झाल्या बव्हेरियाच्या गोष्टी. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली दुपारी आम्ही त्यांच्याभोवती जमायचो. सगळा देश त्यांनी आमच्या ताटात आणून वाढला. तिथं बटाट्याचे आणि शिळ्या पावाचे गोळे उकळून करतात, मुठीएवढे. त्यांना ते रोडग्याची मऊ मावसबहीण म्हणत. तिथला पांढरा मुळा हातभर असतो. दुकानदारीण तो एका खास सुरीनं असा गोल कापते की अख्खा मुळा स्प्रिंगसारखा लांबतो. मग त्याला मीठ लावून रडू द्यायचं. "रडू म्हणजे पाणी सुटू द्यायचं. तिकडंही त्याला रडणंच म्हणतात," हे सांगताना त्यांना इतका आनंद व्हायचा की जणू कुणी हरवलेला नातेवाईक सापडला. शेवयांवर चीज वितळवून वर तळलेला कांदा घालतात. कोबी आंबवून खातात. गाठ मारलेला खारा पाव मिळतो, तो तोडताना आवाज आला पाहिजे, नाहीतर सकाळचा नाही. मांसाच्या वाटेला ते गेले नाहीत. जवाची दारू एक घोट घेऊन पाहिली, काढ्यासारखी लागली.

पण सगळ्यात जीव होता तो तिथल्या बागांवर. पंजासारख्या पानांची मोठी झाडं, आपल्या सावरीची पानं असतात तशी, आणि त्यांच्या सावलीत लांबच लांब टेबलं. उन्हाळ्यात अख्खं शहर तिथं येऊन बसतं. पेय तेवढं बागेच्या मालकाकडून घ्यायचं, खाणं घरून बांधून नेलं तरी चालतं. गाडीवान, प्रोफेसर, पोरंबाळं, म्हातारी, ज्याला जिथं जागा दिसेल तिथं बसतो. वकीलसाहेबांनी एके दिवशी त्या टेबलावर मेतकुटाची पुडी सोडली, तर शेजारच्या एका लठ्ठ खाटकानं बोट बुडवून चाखलं आणि मुळ्याला लावून खाल्लं. "कुणी कुणाला विचारत नाही हो, तू कोण म्हणून," ते पुन्हा पुन्हा सांगायचे. "मी विचारलं, आज घरी काय केलं होतं? तो सांगत बसला."

ऐकताना मजा वाटायची. त्यांच्या सांगण्यात एक जागा अशी यायची की ते थांबायचे, खिशातले शेंगदाणे चाचपायचे आणि विषय बदलायचे. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.

आता आमच्या वाचनालयाविषयी सांगायला हवं. वकीलसाहेब त्याचे अध्यक्ष, मी चिटणीस. गावात महारवाड्याजवळ एक छोटी शाळा होती, तिथं किसन मास्तर शिकवत. स्वतः त्याच समाजातले, ट्रेनिंगच्या परीक्षेला बाहेरून बसण्याची तयारी करत होते. ती पास झाले तर हेडमास्तर होणार होते. त्यांच्या समाजातला आमच्या भागातला पहिला. भूगोलासाठी त्यांना नकाशांचा मोठा ग्रंथ लागायचा, आणि तसला ग्रंथ गावात फक्त आमच्याकडे. नियमाप्रमाणे तो घरी न्यायचा नाही, जागेवरच वाचायचा. आणि नियमात कुठंही लिहिलेलं नसताना मास्तरांनी आत यायचं नव्हतं.

यावर तोड मी काढली होती. हे मला आता लिहायलाच हवं. मी सुताराकडून सागवानाची एक पाटी करून घेतली, पावभट्टीत पाव सारायला असते तशी, लांब दांड्याची. मागच्या खिडकीचे दोन गज काढून घेतले. ग्रंथ पाटीवर ठेवायचा, पाटी खिडकीतून बाहेर सरकवायची, बाहेरच्या कठड्यावर मास्तरांनी उभ्यानं वाचायचा, आणि तसाच परत. कुणाचा हात कुणाला लागायचा नाही. कमिटीनं माझं कौतुक केलं. वार्षिक वृत्तांतात मी लिहिलं, "अस्पृश्य बंधूंच्या वाचनाची सोय." मला खरोखर वाटत होतं की मी सुधारक आहे. मास्तर दर रविवारी दुपारी यायचे, छत्री मानेत अडकवून दोन्ही हातांनी नकाशे उलटायचे. वकीलसाहेब आत सावलीत वर्तमानपत्र वाचत असायचे. किती रविवार गेले. त्यांनीही कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

बव्हेरियाहून आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी पाहिलं. वर्तमानपत्र खाली ठेवून ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "हे केव्हापासून चाललंय?" मी म्हणालो, तुमच्याच अध्यक्षतेखाली ठराव झालाय. पुढच्या बैठकीत मास्तरांना आत बसू द्यावं असं त्यांनी सुचवलं. पुढच्या बैठकीत पाहू, असं ठरलं. त्या पुढच्या बैठकीतही तेच ठरलं. सभासद सोडून जातील, देणग्या थांबतील, बायका येणार नाहीत, अशी कारणं निघायची, आणि ती इतिवृत्तात नीट शब्दांत बसवण्याचं काम माझं असे.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय मीच छापला: "बव्हेरियातील राजवाडे व मौजा." संध्याकाळी हॉल भरला. दारातही माणसं उभी. मागच्या खिडकीबाहेर किसन मास्तर आणि त्यांच्या शाळेतले दोघे पालक उभे होते.

व्याख्यान रंगलं. त्यांनी रंगीत पोस्टकार्डं आणली होती, ती एकेक करून हातोहात फिरू लागली. कड्यावरचा पांढरा राजवाडा पाहून बायकांच्या बाजूनं "अगं बाई" असा सूर निघाला. "राजूर घाटात उभं राहून वर पाहा," ते सांगत होते, "आणि माथ्यावर साखरेचा राजवाडा आहे असं समजा. खाली दरी, दरीत धबधबा. किल्ला म्हणतात, पण तिथून एक तोफ कधी उडाली नाही. राजाला स्वप्नं पडायची आणि तो ती दगडात बांधून घ्यायचा. शेवटी एका तळ्यात सापडला." कुणीतरी विचारलं, बुडाला की बुडवला? "मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले आणि हशा पिकला.

मग त्यांनी त्या राजाच्या दुसऱ्या, लहान राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलाची गोष्ट काढली. हे टेबल जमिनीतून खाली जातं. खाली मुदपाकखाना. आचारी ताटं मांडतात, चाक फिरवतात, आणि टेबल वर येतं. राजा एकटा जेवतो. वाढप्याचा हात नको, त्याची नजरसुद्धा नको. "आमच्या आत्याबाईंना मी हे सांगितलं," ते म्हणाले, "त्या म्हणाल्या, याले म्हणतात सोवळं." सगळा हॉल खदखदून हसला. मीही.

त्याच वेळी पोस्टकार्डं शेवटच्या रांगेपर्यंत पोचली होती. आता ती बाहेर द्यायची होती. मी नेहमीच्या सवयीनं उठलो, पाटी घेतली, तिच्यावर पोस्टकार्डं ठेवली आणि खिडकीतून बाहेर सरकवली. दांडा माझ्या हातात होता. हशा चालूच होता.

तो थांबला, कारण वकीलसाहेब बोलायचे थांबले होते. ते माझ्याकडे बघत होते. सगळ्यांनी माना वळवल्या.

"चिटणीस," ते म्हणाले, "हे टेबल मी म्युनिकहून एवढ्या लांब जाऊन, तिकीट काढून पाहिलं. इथंच होतं की."

कुणाला हसावं की नाही कळेना. मी पाटी आत ओढून घेतली.

ते पाणी प्यायले. मग, ज्या जागेवर येऊन ते नेहमी विषय बदलायचे, तिथून पुढं बोलू लागले. आवाज बदलला नव्हता. पक्षकाराला जेवणाचं विचारताना असायचा तसाच.

राजवाडा पाहून पुतण्याबरोबर ते एका गावात जेवायला थांबले. खाणावळीची बाग, तीच झाडं, तीच टेबलं. फाटकावर एक नवी पाटी लावली होती, रंग अजून ओला असावा अशी. हे काय लिहिलंय म्हणून यांनी विचारलं. पुतण्या आधी सांगेना. मग म्हणाला, यहुदी लोक इथं नकोसे आहेत असं लिहिलंय. आणि लगेच म्हणाला, काका, ते आपल्यासाठी नाही.

"मी खात्री करून घेतली," वकीलसाहेब म्हणाले. "मालकाला विचारलं, मी बसू का? वकील आहे ना. तो म्हणाला, साहेब, तुम्ही तर लांबचे पाहुणे. खुर्ची पुसून दिली. मी बसलो. गोळे मागवले. ते आले, आणि तेवढ्यात एक म्हातारा फाटकाशी आला. हातात फडक्यात बांधलेलं जेवण. रोजचा असावा, कारण मालकानं त्याला पाहून मान खाली घातली आणि टेबल पुसायला लागला. पुसलेलंच होतं. म्हाताऱ्यानं पाटी वाचली. टोपी काढून मालकाला नमस्कार केला आणि परत फिरला. माझ्यासमोर ताट होतं. मी गोळा फोडला आणि खाल्ला. चांगला होता. माझ्या घशात तो अडकला नाही. अडकला असता तर मी आज जरा बरा माणूस म्हणून तुमच्यापुढं उभा राहिलो असतो."

हा माणूस स्वतःला फोडून, आतला कच्चा भाग, पंगतीभर दाखवत होता. आम्ही मौज ऐकायला आलो होतो.

"घरी आलो," ते म्हणाले, "आणि पाहिलं तर मी त्या मालकाचा व्यवसायबंधू. फक्त आमची पाटी लिहिलेली नाही." मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "मास्तर, समोरच्या दारानं आत या. इथं माझ्याशेजारी खुर्ची आहे."

बाहेर पावलं वाजली. किसन मास्तर इमारतीला वळसा घालून पुढच्या दाराशी आले. दारातली माणसं दोन्ही बाजूंना झाली. वाट दिली की अंग चोरलं, कोण जाणे. मास्तर पायरीवर उभे राहिले. स्वच्छ धोतर, कोट, हातात अजून ते राजवाड्याचं पोस्टकार्ड. ते वकीलसाहेबांकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, कारण त्या इमारतीत कोणाला काय मिळेल ते मी ठरवतो हे त्यांना इतक्या रविवारांत पाठ झालं होतं.

"चिटणीससाहेब," त्यांनी विचारलं, "मी येऊ काय?"

एका शब्दाचं काम होतं. हो, हाव, या, काहीही. पुढच्या रांगेत कमिटी बसली होती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कोर्टातले माझे वरिष्ठ होते. बायकांच्या बाजूला माझी आई होती. नाही म्हणायचं धैर्यही माझ्यात नव्हतं, हे लक्षात घ्या. नाही म्हणालो असतो तर निदान एक माणूस म्हणून काहीतरी बोललो असतो. मी खिशातून कागद काढला, घसा साफ केला आणि आभारप्रदर्शन सुरू केलं.

"सभ्य स्त्रीपुरुषहो, आजच्या विद्वान वक्त्यांचे आभार मानणं हे माझं सुखद कर्तव्य आहे."

मी ते संपूर्ण वाचलं. गॅसबत्ती देणाऱ्याचे, सतरंज्या देणाऱ्याचे, सगळ्यांचे आभार मानले. मास्तर पायरीवर उभे होते, तेवढा वेळ. शेवटी मी म्हणालो, सभा संपली असं जाहीर करतो, आणि टाळ्यांचा इतका मोठा कडकडाट झाला की तसा त्या हॉलमध्ये पूर्वी कधी झाला नव्हता. सगळ्यांची सुटका झाली होती. माणसं उठली, जोड्यांकडे निघाली. ज्या सभेत यायचं ती सभाच उरली नव्हती, तर आत येणार कुठं? गर्दीतून मला दिसलं, मास्तरांनी हातातलं पोस्टकार्ड पायरीवर ठेवलं, उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला, आणि गेले. बाहेर पडताना कमिटीतल्या एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "बेस वाचवलं, बे."

वकीलसाहेब मंचावर तसेच बसून होते. मी सतरंज्या गुंडाळायला लागलो. मला वाटलं ते रागावतील. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. डोळ्यांसमोर अपघात व्हावा आणि माणूस जिथल्या तिथं राहावा, तसे ते होते. मग म्हणाले, "आभाराचा कागद आधीच लिहून आणला होता ना? चांगला लिहिलाय." त्यात टोमणा नव्हता. ते खरंच मला तेवढंच म्हणू शकत होते, असं मला वाटतं.

दुसऱ्या रविवारी मास्तर आले नाहीत. त्यानंतर ते कधीच आले नाहीत. आले वकीलसाहेब, पण आत नाही. मागच्या खिडकीशी कठड्यापुढं उभे राहिले, आणि मला म्हणाले, "नकाशांचा ग्रंथ द्या. पाटीवरून."

मी म्हणालो, साहेब, काय हे, आत या.

"पाटीवरून," ते म्हणाले.

मी पाटीवर ग्रंथ ठेवला. पाटी खिडकीतून बाहेर सरकवली. काळा कोट घातलेला तो उंच माणूस ऑक्टोबरच्या उन्हात उभा राहून पानं उलटत होता. त्यांना नकाशांत काही रस नव्हता. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. कमिटी विनवायला गेली, आत्याबाईंनी निरोप धाडला. ते दर रविवारी येत राहिले, पाटीवरून ग्रंथ मागत राहिले, आणि मी देत राहिलो. सुताराला बोलावून गज परत बसवून घ्यावेत, पाटी चुलीत घालावी, असं माझ्या मनात दर रविवारी यायचं. मी दर रविवारी पाटी पुसून ठेवायचो.

शेवटी त्यांनी नागपूरहून तसलाच नकाशांचा ग्रंथ मागवला आणि स्वतः मास्तरांच्या शाळेत नेऊन दिला. मास्तरांनी घेतला, म्हणाले, पोरांसाठी घेतो. स्वतःसाठी? तर म्हणाले, "वकीलसाहेब, आता त्या परीक्षेचं नाव मले सांगू नका." परीक्षेला ते बसले नाहीत. त्या वर्षीही नाही, पुढंही नाही. त्या शाळेवर हेडमास्तर म्हणून पुढं बाहेरून एक गृहस्थ आले. हे सगळं मला कुणी सांगितलं नाही. शाळेसमोरून जाताना मी पाटीवरचं नाव वाचत असे.

वकीलसाहेबांनी अध्यक्षपद सोडलं. काही पक्षकार कमी झाले, काही खेड्यांतून नवे आले. कडुलिंबाखालच्या गोष्टी बंद झाल्या. आम्हाला पाहून ते नमस्कार करत, पण काय जेवलास असं मला त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. एवढ्याशा गोष्टीनं माणसाला इतकं लागावं, याचं मलाच आश्चर्य वाटायचं.

शेवटचं त्यांना पाहिलं ते लढाईच्या दिवसांत. पेट्रोल मिळत नव्हतं, मलकापूरची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि सुटायला फार वेळ लावी. वकीलसाहेबांच्या पोटात दुखणं निघालं होतं. नागपूरला दाखवायला नेत होते, आणि परत येणार नाहीत अशी कुजबुज होती. मी कामानिमित्त मोटारस्टँडवर गेलो होतो. ते खिडकीशी बसले होते, कोट अंगावर टांगल्यासारखा. थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला, किसन मास्तर उभे होते. टपावरचं अंथरूण नीट बांधलंय का ते बघत. इतकी वर्षं त्या दोघांचं जाणंयेणं होतं हे गावाला ठाऊक होतं.

मी खिडकीशी गेलो. इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य कसंबसं बाहेर काढलं. म्हणालो, साहेब, त्या संध्याकाळबद्दल मला क्षमा करा.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "माझा त्यात दावा नाही," ते म्हणाले. "ज्यांचा आहे ते तिथं उभे आहेत. जा. मोटार सुटायला वेळ आहे."

मी वळलो. मास्तरांच्या आणि माझ्यामध्ये फार अंतर नव्हतं. मी खरंच निघालो होतो, माझ्यावर विश्वास ठेवा. त्यांना मी येताना दिसलो. आमची नजरानजर झाली. आणि मी काही बोलणार एवढ्यात मास्तर दोन पावलं मागं सरले, धोतराचा सोगा आवरून घेतला आणि मला जायला वाट करून दिली.

ती जन्माची सवय होती, की माझा स्पर्श नको होता, हे मला आजही सांगता येत नाही. मागून मोटारीचं इंजिन सुरू झालं. वकीलसाहेब खिडकीतून बघत होते, हे न वळताही मला कळत होतं.

मास्तरांनी करून दिलेल्या वाटेनं मी सरळ निघून गेलो.